अकरा पुस्तकांचा जबाब

वाचनालयातल्या दुसऱ्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूनं एक कागद खळीनं चिकटवलेला होता. त्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'राजकारण, सत्ता आणि स्वातंत्र्य यांविषयी अवश्य वाचावे असे काही.' खाली अकरा पुस्तकांची नावं, आकडे घालून. कपाट उघडल्याशिवाय ती यादी दिसायची नाही, आणि कपाट उघडा असं कुणी म्हणायचं नाही, कारण वाचणाऱ्यांचा सगळा ओढा पहिल्या कपाटाकडं, कादंबऱ्यांकडं होता. मी ते दुसरं कपाट उघडायला लावलं ते चुकून. मला पोथी हवी होती.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. गावाचं नाव सांगत नाही. माणसांचीही नावं सांगणार नाही, आणि त्यालाही एक कारण आहे.

माझं माहेर मिरजेचं. वडील रेल्वेत होते, घर स्टेशनाजवळ, आणि गाड्यांच्या आवाजात अभ्यास करून मी मॅट्रिक झाले. पुढं शिकायचं मनात होतं, पण स्थळ चांगलं आलं. मुलगा फौजेत नायक, दंडावर दोन फिती, घरी बागायत ऊस. मिरजेहून गाडीनं कोरेगावला उतरायचं, पुढं एसटीनं तासभर, आणि तिथून पायी आमची वस्ती. लग्नानंतर महिन्यातच यांची सुट्टी संपली आणि हे उत्तरेकडं निघून गेले. मी राहिले सासूसासऱ्यांजवळ, दोन बैल, एक म्हैस आणि लांबच लांब दुपारींच्या सोबतीनं.

सासरे, म्हणजे मामंजी, फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. पहाटे उठून दाढी करायचे, धोतरालाही इस्त्री असल्यासारखी घडी असायची आणि बोलणं मोजकं. एकदा सांगितलं की सांगितलं. का, कशासाठी, हे विचारायची सोय नव्हती. मला मात्र लहानपणापासून का आणि कशासाठी याचीच खोड, त्यामुळं आमचं फार सख्य नव्हतं. ते मला वाईट वागवत नव्हते, मी त्यांना उलटून बोलत नव्हते, पण मनातल्या मनात मी त्यांच्याशी रोज भांडायची.

आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, वाचता येत नव्हतं. त्यांना पोथी ऐकायची हौस. घरातली पोथी दोनदा संपली तेव्हा मामंजींनी देवघरातल्या फळीवरून एक पुठ्ठ्याचं कार्ड काढून दिलं. तालुक्याच्या वाचनालयाचं होतं ते. यांनी शाळेत असताना काढलेलं, नंबर दोनशे चौदा. पोरगा फौजेत गेला तरी मामंजींनी ते बंद केलं नव्हतं, वर्षाची वर्गणी स्वतः जाऊन भरत होते.

"कशाला चालू ठेवलंय?" असं मी एकदा आत्याबाईंना विचारलं.

"म्हंत्यात, पोराचं नाव गावात कुटंतरी चालू पायजे," त्या म्हणाल्या.

तर बाजाराच्या दिवशी मी ते कार्ड घेऊन वाचनालयात गेले. टेबलाशी एक म्हातारे गुरुजी बसलेले. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. बेचाळीस सालापासून तीन वर्षं भूमिगत होते, उसाच्या फडात झोपायचे, असं नंतर कळलं. त्यांनी विचारलं, "कुणाच्या नावावर?" मी कार्ड पुढं केलं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, आमच्यात अजूनही काही घरात घेत नाहीत, आणि मी तर नवी नवरी. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. गुरुजींना ते कळलं. त्या दिवसापासून ते मला बघितलं की रजिस्टर उघडून "दोनशे चौदा" म्हणायचे आणि स्वतःच यांचं नाव लिहायचे. मी यांच्या नावापुढं एक बारीकशी रेघ मारायची. तीच माझी सही.

पोथ्या दुसऱ्या कपाटात वरच्या फळीवर होत्या. गुरुजींनी दार उघडलं, आणि मला ती यादी दिसली. मी पोथी बाजूला ठेवून यादीच वाचत उभी राहिले.

"कार्डावर दोन पुस्तकं मिळत्यात," गुरुजी म्हणाले. "एक पोथी झाली. दुसरं?"

मी पहिल्या आकड्यावर बोट ठेवलं. गुरुजींनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. त्या कागदाला हात लावणारी मी पहिली बाई असेन. त्यांनी एक पातळसं पुस्तक काढलं, खाकी कागदाचं कव्हर घातलेलं, पाठीवर फक्त नंबर. वाचनालयातल्या सगळ्या पुस्तकांना ते स्वतः असंच कव्हर घालायचे. घरी नेल्यावर पोथी कुठली आणि ते पुस्तक कुठलं हे मामंजींना कळायचं कारण नव्हतं.

"एक अट हाय," गुरुजी म्हणाले. "हितं एकापुढं एक आकडे घातलेत ते काय शोभेला न्हाईत. पयलं झाल्याबिगर दुसरं मिळायचं न्हाई. आणि परत आणशील तवा मी दोन प्रश्न इचारणार."

ते दोन प्रश्न अकराही पुस्तकांना तेच होते. यात सत्ता कुणाकडं हाय? आणि ती त्याला कुणी दिली?

पहिल्या वेळी मला हसू आलं होतं. पंचायत, नागरिक, मतदान यावरचं साधं पुस्तक, त्यात काय विचारायचं? उत्तर द्यायला लागले आणि अडकले. सरपंचाकडं सत्ता, लोकांनी दिली, असं मी म्हणाले. गुरुजी म्हणाले, "पुस्तकात तसं हाय. तुझ्या वस्तीवर?" आमच्या वस्तीवर सरपंच कोण होणार हे तीन घरांतले पुरुष एका दुपारी पारावर ठरवायचे. गुरुजींनी मला तेच पुस्तक पुन्हा आठवडाभर दिलं. मला राग आला, पण वाचलं.

मग हा नादच लागला. आत्याबाई जेवून पडल्या की मी गोठ्याच्या सावलीत बसून वाचायची. चौथं पुस्तक म्हणजे एका परदेशी विचारवंताचं भाषांतर, वाक्यं इतकी लांब की सुरुवात विसरायला व्हायची. सातवं एका कैद्याच्या आठवणींचं, ते वाचताना मी रडले. नववं कायद्यांचं, कोरडं ठाक. पण प्रत्येकाच्या शेवटी गुरुजींचे ते दोन प्रश्न उभे असायचे, आणि हळूहळू मी ते प्रश्न घरालाच विचारायला लागले. आमच्या घरात सत्ता कुणाकडं? कोठीच्या किल्ल्या आत्याबाईंच्या कमरेला, म्हणजे त्यांच्याकडं. पण किल्ल्या त्यांना मामंजींनी दिलेल्या. मामंजींना कुणी दिली, तर त्यांच्या वडिलांनी. नीट पाहिलं तर खरी सत्ता म्हशीकडं होती, कारण सगळं घर तिच्या धारेच्या वेळेवर चालायचं, आणि ती कुणी दिलेली नव्हती. हे मी गुरुजींना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. सुनेकडं काय होतं, हे त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलंही नाही. काहीच नाही, असं माझं पक्कं मत होतं.

दोन वर्षांत अकरा पुस्तकं झाली. एवढी सगळी यादी ओळीनं वाचणारं एकच कार्ड होतं. रजिस्टरात अकरा ठिकाणी यांचं नाव आणि त्यापुढं माझी रेघ.

मग आणीबाणी आली. आमच्या वस्तीवर पहिले काही महिने तिचा आवाज आला नाही. एसटी वेळेवर यायला लागली म्हणून लोक खूश होते, मामंजी तर फारच. "शिस्त लागली," म्हणायचे. मी मनातल्या मनात भांडायची. वाचनालयात वर्तमानपत्रं येत होती पण गुरुजी ती वाचून दाखवेनासे झाले. सांगलीतल्या कुणा तरुण प्राध्यापकाला पकडून नेल्याचं कानावर आलं. त्याच्या घरझडतीत एक वही मिळाली, आणि वहीत गुरुजींच्या त्या यादीची नक्कल. तो कधीतरी व्याख्यानाला आला होता तेव्हा उतरवून घेऊन गेला असणार. खाली त्यानं भाबडेपणानं वाचनालयाचं नावही लिहून ठेवलं होतं.

फौजदार वाचनालयात आले आणि ही पुस्तकं कुणी कुणी नेली ते दाखवा म्हणाले. मी त्या वेळी तिथं नव्हते, गुरुजींनीच नंतर सांगितलं. बेचाळीसला ज्या माणसानं एकाही सोबत्याचं नाव सांगितलं नव्हतं, त्यांनी या वेळी रजिस्टर उघडून पुढं ठेवलं. भीतीनं नव्हे. त्यांना वाटलं, हे नाव बघून पोलीस गप बसतील. आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत, फौजीच्या घराकडं वाकड्या नजरेनं बघायची कुणाची छाती होत नाही. एक-दोन पुस्तकं नेणारी कॉलेजची मुलंही रजिस्टरात होती, त्यांच्यावर बालंट येऊ नये म्हणून गुरुजींनी मुद्दाम बोट ठेवलं ते दोनशे चौदावर.

"बघा, अकराच्या अकरा वाचणारा कोण हाय," ते म्हणाले. "सीमेवरचा जवान हाय. त्याला काय देशद्रोही म्हणणार?"

फौजदारांनी ते नाव लिहून घेतलं आणि गेले. त्यांच्या साहेबांनी त्याच नावाची चौकशी यांच्या पलटणीकडं पाठवली. असली चूक आमच्याच भागातला माणूस करेल. फौजीचं नाव म्हणजे छत्री, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. त्या नावाचा माणूस छत्रीसारखा भिजतो, हे आमच्या लक्षातच येत नाही.

दीड महिन्यानं यांचं निळं आंतरदेशीय पत्र आलं. पत्र मामंजींच्या नावानं असायचं आणि मी ते वाचून दाखवायची. यांनी लिहिलं होतं:

'साहेबांनी पेशीला बोलावलं होतं. गावच्या वाचनालयातली अकरा पुस्तकं माझ्या नावावर आहेत, ती कुणी वाचली, असं विचारलं. मी वाचली, असं सांगितलं. सुट्टीत आणली होती म्हणालो. साहेबांनी समज दिली. तिसऱ्या फितीसाठी माझं नाव गेलं होतं ते सहा महिने थांबवलं आहे, पुढं बघू म्हणाले. काळजी नसावी. विषय संपला आहे. म्हशीचं काय झालं ते कळवावे.'

यांनी त्यातलं एकही पुस्तक पाहिलंसुद्धा नव्हतं. अक्षर ओळखून वाचायला यांना वेळ लागायचा, पत्रसुद्धा दोन दिवस लावून लिहायचे. मला ठाण्यात बोलावलं जाऊ नये म्हणून हे सरळ खोटं बोलले होते, आणि त्यापायी तिसरी फीत अडकली होती. ती फीत म्हणजे हवालदारकी, पगार, पेन्शन, आणि मामंजींच्या डोळ्यांसमोर एकच स्वप्न, की पोरानं आपल्या हुद्द्याला तरी पोहोचावं.

मी सगळं सांगून टाकलं. पुस्तकं मी आणली, मी वाचली, पोथीच्या सोबत. आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. मला वाटलं आता घराबाहेर काढतात.

"मी ठाण्यात जाऊन खरं सांगते," मी म्हणाले. "वाचली मी आणि भोगायचं त्यांनी, हे मला चालायचं न्हाई."

"न्हाई," मामंजी म्हणाले. "त्यानं जबाब दिलाय. आता घरातनं दुसरा जबाब जाता कामा न्हाई. सहा म्हैन्यांचा प्रश्न हाय."

"पण तो जबाब खोटा आहे मामंजी."

"घरची बाई ठाण्याची पायरी चढायची न्हाई. झालं."

मामंजींच्या या दोन उत्तरांतलं मी दुसरंच ऐकलं. पहिलं मी ऐकलंच नाही. माझ्या डोक्यात अकरा पुस्तकं होती ना! घराण्याची अब्रू, बाईनं गप्प बसणं, पुरुषानं ठरवणं, हे सगळं मला त्या वाक्यात स्वच्छ दिसलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. मामंजींनी का ते सांगितलं नाही, ते कधीच सांगायचे नाहीत. आणि मी, जिला का विचारायची एवढी खोड, मी त्या एका वेळी विचारलं नाही. उत्तर मला माहीत आहे असंच मी धरलं. यांनाही एक पत्र टाकून विचारता आलं असतं. तेही माझ्या मनात आलं नाही.

पुढच्या बाजाराला मी भाजी आणायला म्हणून निघाले आणि सरळ ठाण्यात गेले. रिकामी पिशवी हातात तशीच होती.

फौजदार तसे सौम्य होते. बसा म्हणाले, पाणी दिलं. मी सांगितलं की दोनशे चौदा नंबरच्या कार्डावरची पुस्तकं मी नेली, वाचलीही मी. त्यांनी विश्वास ठेवला नाही.

"तुम्ही वाचली? मग सांगा, काय आहे त्यात?"

मी सांगायला लागले. पहिल्यापासून. चौथ्याला आले तेव्हा त्यांनी हात वर केला, पण मी थांबले नाही. दोन वर्षं जे फक्त गुरुजींना सांगितलं होतं ते मी ठाण्यात खुर्चीवर ताठ बसून सांगत होते, आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं. दारातले दोन शिपाई ऐकत उभे राहिले होते. सातव्या पुस्तकातल्या कैद्याचं सांगताना एकानं तर टोपी काढली.

"बास बास," फौजदार म्हणाले आणि कागद पुढं ओढला. "नवऱ्याचं नाव?"

मी कार्ड पुढं केलं.

"कार्ड नको. जबाबात तुमच्या तोंडून आलं पाहिजे."

लग्नाला चौथं वर्ष होतं. तोवर कधी अशा ठिकाणी, अशा कामासाठी ते नाव तोंडातून निघालं नव्हतं. मी डोळे मिटले आणि यांचं पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. माझ्याच कानांना ते परकं वाटलं. फौजदारांनी लिहिलं. मग मी सही केली. रेघ नव्हे, माझं स्वतःचं पूर्ण नाव.

कागद उलटा असला तरी मला वाचता येत होता. शेवटी त्यांनी शेरा मारला होता, 'सदर पुस्तके जवानाच्या पत्नीने फावल्या वेळात करमणुकीसाठी वाचलेली आहेत. दखल घेण्याजोगे काही नाही.'

"जा बाई घरी," ते म्हणाले. "मिटलं म्हणून समजा. बायामाणसांनी वाचलं तर कुणाचं काय बिघडतंय?"

मी बाहेर आले ती निम्मी जिंकल्यासारखी आणि निम्मी थोबाडीत बसल्यासारखी. मिटलं होतं खरं. पण सरकारच्या लेखी मी सत्ता आणि स्वातंत्र्यावरची अकरा पुस्तकं वाचणं आणि वेणी घालत बसणं सारखंच होतं. चडफडत मी वाचनालयात शिरले. कपाट उघडं होतं. दारावरची यादी खरवडून काढलेली होती, खळीचे पांढरे डाग तेवढे राहिले होते. ती गुरुजींनी स्वतःच काढली होती. ते खुर्चीत लहान होऊन बसले होते.

मी त्यांना झालेलं सगळं एका दमात सांगितलं. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. गुरुजींनी चष्मा काढला.

"पोरी, तिकडं त्यानं काय सांगितलंय साहेबाला?"

"मी वाचली म्हणून."

"आणि हिकडनं पलटणीला कागद काय जाणार?"

तेव्हा मला मामंजींचं पहिलं वाक्य ऐकू आलं. दुसरा जबाब जाता कामा न्हाई. पुस्तकं वाचल्याबद्दल समज मिळते. साहेबांसमोर खोटं बोलल्याबद्दल फौजेत काय मिळतं ते अठरा वर्षं नोकरी केलेल्या माणसाला माहीत होतं. मला अकरा पुस्तकांत ते कुठं आलं नव्हतं.

मी पळत ठाण्यात परत गेले. जबाब मागं घेते म्हणाले. फौजदारांना मी वेडी वाटले असणार. "अहो बाई, तुमच्याच भल्याचं झालंय," ते म्हणाले. "आणि टपाल गेलं आत्ताच."

भाजी न घेताच मी वस्तीवर आले. मामंजी अंगणात दोर वळत बसले होते. मी त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले आणि सांगितलं. त्यांचे हात थांबले. ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"एवढं सगळं वाचलंस," ते म्हणाले, "पर इचारलं न्हाईस."

मग ते उठून उसाकडं गेले. दोर तिथंच पडला होता, तो मी उचलून खुंटीला लावला.

पुढच्या पत्रात यांनी चारच ओळी लिहिल्या होत्या. साहेबांसमोर खोटं बोलल्याची लाल शाईनं नोंद झाली आहे. तिसऱ्या फितीच्या यादीतून नाव काढलं आहे. तब्येत बरी आहे. म्हैस व्याली हे वाचून आनंद झाला. माझ्याबद्दल एक शब्द नव्हता, रागाचा नाही की दुसरा कसला. ते पत्र वाचून दाखवताना मी 'काढलं' या शब्दाशी थांबले तेव्हा मामंजींनी पत्र हातातून घेतलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं.

तो काळ मला आठवू नये असं वाटतं, पण आठवतो. मी वाचणं सोडून दिलं. आत्याबाईंची पोथीसुद्धा शेजारच्या मुलीकडून वाचून घ्यायला सांगितली. वडूजला दिलेली नणंद आली, तिनं सगळं ऐकून माझ्याकडं असं पाहिलं की मी गोठ्यात जाऊन बसले. मामंजी मात्र एकदाही बोलले नाहीत, ना घरात ना बाहेर. लोकांनी फितीचं विचारलं की म्हणायचे, "व्हईल की."

झाली नाही. आणीबाणी उठली, निवडणूक झाली, मी वस्तीवरच्या बायकांना घेऊन मतदानाला गेले, सरकार गेलं. लाल शाई तशीच राहिली.

त्या उन्हाळ्यात हे सुट्टीवर आले. दोन फितींचा तोच शर्ट. मी दारात उभी होते. हे पाय धुऊन आत आले, जेवले, वडिलांशी ऊस-पाण्याचं बोलले. दुपारी मला म्हणाले, "ती पुस्तकं कुठली होती?"

"कशाला आता?"

"साहेबांना म्हणालोय, मी वाचली. तेवढं खरं करून टाकतो."

मला वाटलं टोमणा मारतायत. वर पाहिलं तर तोंडावर टोमण्याचं काही नव्हतं. एखादं अर्धवट राहिलेलं काम पुरं करायचं म्हणावं तसं म्हणत होते. तेव्हा मी रडले, यांच्यासमोर पहिल्यांदा.

आम्ही दोघं वाचनालयात गेलो. गुरुजी यांना बघून उठून उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "माझी चूक हाय, गड्या." हे म्हणाले, "आवं गुरुजी, बसा. पुस्तकं द्या." यादी तर उरली नव्हती. मीच कागद घेतला आणि आठवून आठवून अकरा नावं लिहिली, त्याच क्रमानं, आणि गुरुजींनी ती पुन्हा दाराला चिकटवली, या वेळी बाहेरच्या बाजूनं. मग मी माझ्या नावाचं कार्ड काढलं. दोनशे चौदा आणि माझं, अशी दोन कार्डं झाली, म्हणजे चार पुस्तकं.

हे सावकाश वाचायचे, ओळीखाली बोट धरून, पुटपुटत. अंगणात खाटेवर बसून. मामंजी जवळच काहीतरी करत असायचे, आणि करता करता ऐकायचे. चौथ्या पुस्तकाच्या लांब वाक्यांशी हे थांबले की मी अर्थ सांगायची. कधी मामंजीच म्हणायचे, "पुन्यांदा वाच." सुट्टीत चार झाली. उरलेली गुरुजींनी नियम मोडून यांच्या पेटीत घालू दिली, सगळी माझ्या नावावर.

वर्षभरानं पत्र आलं. या वेळी मामंजींच्या नावानं नाही, माझ्या. अकरावं संपलं होतं. यांनी लिहिलं होतं:

'गुरुजींचे दोन प्रश्न तू सांगितले होतेस. यात सत्ता कुणाकडं आहे, आणि ती कुणी दिली. मी पुस्तकांवर विचार केला, मग आपल्यावर केला. त्या दिवशी ठाण्यात सत्ता तुझ्याकडं होती. मी खोटं बोललो तेव्हा ती मीच तुझ्या हातात दिली, पण मीही तुला विचारलं नव्हतं. तूही मला विचारलं नाहीस. दोघांनी एकमेकांचं भलं परस्पर ठरवलं. सरकारनं तरी दुसरं काय केलं? राग नाही. समजलं म्हणून लिहिलं.'

अकरा पुस्तकं मी यांच्याआधी वाचली होती, आणि हे मला सुचलं नव्हतं. उत्तर लिहायला मला तीन आठवडे लागले.

हे दोन फितींवरच निवृत्त झाले. मामंजी गेले तेव्हाही दोनच होत्या. आता आम्ही दोघंच आहोत, ऊस मुलगा बघतो. हे सगळं कागदावर उतरवावं असं फार वर्षं मनात होतं. या वेळी मात्र लिहायला बसायच्या आधी मी यांच्यासमोर जाऊन विचारलं, लिहू का?



"लिही," म्हणाले. "पण माझं नाव घालू नकोस. एकदा घेतलंस तेवढं बास झालं."